कानातील बोळा आणि रजिस्टरातील सही

झाशी शहराच्या जुन्या तटबंदीच्या दहा दरवाजांपैकी खंडेराव गेट हे नाव मराठी कानाला परके वाटत नाही. नेवाळकरांच्या काळापासून या शहरात मराठी कुटुंबे नांदत आली. पुढे रेल्वे आली. इंडियन मिडलँड रेल्वेने १८९५ साली येथे कारखाना उभारला, आणि १९५१ पासून २००३ पर्यंत झाशी हा मुंबईत मुख्यालय असलेल्या मध्य रेल्वेचा भाग राहिला. १९७०च्या दशकात भेलचा कारखाना शहराबाहेर उभा राहिला. खंडेराव गेटासारख्या मोहल्ल्यात इतिहासाच्या पुस्तकातील झाशीपेक्षा कारखान्याच्या भोंग्यावर जागणारी झाशी अधिक खरी आहे. अशा मोहल्ल्यांत, मग तो झाशीतला असो, भुसावळचा असो की परळचा, एक दृश्य सर्वांच्या परिचयाचे असते. निवृत्त झालेला फिटर मोठ्याने बोलतो, रेडिओचा आवाज वाढवतो, नातवाने एकदा हाक मारली तर वळून पाहत नाही. घरची माणसे समजूत घालतात की वय झाले. वस्तुतः ते वय नव्हे. ती तीस-पस्तीस वर्षांच्या मजुरीतून कापून घेतलेली, कोणत्याही पगारपत्रकावर न दाखविलेली वजावट आहे.

या वजावटीवर कारखानदारीने एक सोयीस्कर उत्तर शोधून काढले आहे. कामगाराच्या हातात फेसाच्या दोन बोळ्यांचे पाकीट ठेवायचे, रजिस्टरात सही घ्यायची, भिंतीवर 'कानाचे संरक्षण करा' अशी पाटी लावायची, आणि त्यानंतर कोणाचे कान गेले तर त्याच सहीकडे बोट दाखवायचे. साधन दिले होते, कामगाराने वापरले नाही, असा तो युक्तिवाद. कामगार चळवळीने या युक्तिवादाला आजवर दोन प्रकारे उत्तर दिले: एक तर बोळ्यांची मागणी करून, नाही तर बोळ्यांची थट्टा करून. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. खरा प्रश्न बोळा दिला की नाही हा नसून, त्या विशिष्ट कामगाराच्या त्या विशिष्ट कानात त्या बोळ्याने किती आवाज अडवला, हा आहे. या प्रश्नाचे उत्तर मोजून देता येते. मोजणीचे तंत्र उपलब्ध आहे. जेथे ही मोजणी होत नाही, तेथे संरक्षण दिले गेले असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही व्यवस्थापनाला नाही.

पाकिटावरचा आकडा आणि कानातला आकडा

कर्णरक्षकाच्या पाकिटावर डेसिबलमध्ये एक आकडा छापलेला असतो. अमेरिकेत १९७९ साली हा आकडा छापणे सक्तीचे झाले, आणि तेथून ती प्रथा जगभर पसरली. फेसाच्या चांगल्या बोळ्यावर २९ किंवा ३३ असा आकडा आढळतो. तो येतो प्रयोगशाळेतून. शांत खोलीत, शिकविलेल्या माणसांच्या कानात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तो बोळा बसविलेला असतो. जेथे हवेच्या दाबावर चालणारे हातोडे लोखंडावर आपटतात, अंगावरून घाम निथळतो आणि पाच मिनिटांत पाळीवर हजर व्हायचे असते, तेथे तो आकडा टिकत नाही.

हे कामगार संघटनांचे म्हणणे आहे असे कोणी समजू नये. अमेरिकन सरकारच्याच व्यावसायिक आरोग्य संस्थेने, जिला नायॉश म्हणतात, १९९८ साली सल्ला दिला की फेसाच्या बोळ्यांचा छापील आकडा निम्म्याने आणि इतर बोळ्यांचा सत्तर टक्क्यांनी कमी धरावा. एक उदाहरण घेऊ. यंत्राजवळ १०० डेसिबल आवाज आहे आणि पाकिटावर २९ छापले आहे. व्यवस्थापनाचे गणित सांगते की १००तून २९ गेले, कानात ७१ पोचले, कामगार सुरक्षित. आता त्याच देशाच्या सुरक्षा खात्याच्या हिशेबाने २९मधून आधी ७ वजा करायचे, उरलेल्या २२चे निम्मे धरायचे. संरक्षण ११ डेसिबलचे झाले, आणि कानात ८९ पोचले. नायॉशच्या सूत्राने हे संरक्षण साडेसात डेसिबलपर्यंत खाली येते. डेसिबलचे माप साध्या मोजपट्टीसारखे नाही. दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. त्यामुळे ७१ आणि ८९ यांतील अंतर म्हणजे चौसष्टपट ऊर्जेचे अंतर होय. कागदावरचा कामगार आणि प्रत्यक्ष कामगार यांच्यामध्ये एवढी दरी आहे.

आणि ही झाली सरासरी. सरासरीला कान नसतात. कोणाची कर्णनलिका अरुंद असते, कोणाची वाकडी. एकाच माणसाचे दोन कानही सारखे नसतात. स्त्री-कामगारांना बहुधा लहान मापाचा बोळा लागतो, पण भांडारात एकच माप येते. फेसाचा बोळा घालण्याची एक रीत आहे: तो बोटांनी बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून आणून कानाची पाळी वर व मागे ओढायची, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. ही रीत कोणी शिकविली नाही तर बोळा कानाच्या तोंडाशी अडकून राहतो आणि जवळजवळ काहीच अडवत नाही. तेल लागलेल्या हातांनी, पाळी सुरू होण्याच्या घाईत, ही रीत पाळणे किती जणांना शक्य आहे, याचे उत्तर कोणताही कामगार देईल. डोक्यावरून बसणारे मफ घ्यावेत, तर बुंदेलखंडाचा मे महिना आडवा येतो. पारा ४५ अंशांवर चढला असताना कानावर गाद्या दाबून आठ तास काम करून पाहावे, आणि मग कामगाराला निष्काळजी म्हणावे. उन्हासाठी बांधलेला गमछा, चष्म्याची काडी, हेल्मेटचा पट्टा यांपैकी काहीही मफच्या गादीखाली आले की फट पडते, आणि त्या फटीतून आवाज आत शिरतो. कापसाचा बोळा तर नावालाच संरक्षण होय.

यात वेळेचा हिशेबही मिळवायला हवा. कर्णरक्षक ३० डेसिबल अडवणारा आहे आणि तो उत्तम बसला आहे असे धरले, तरी आठ तासांपैकी केवळ अर्धा तास तो काढून ठेवला, तर ऊर्जेच्या हिशेबाने दिवसभराचे संरक्षण १२ डेसिबलच्या वर जात नाही. मुकादमाची सूचना ऐकण्यासाठी, क्रेनचा इशारा कळावा म्हणून, घाम पुसण्यासाठी अर्धा तास सहज निघून जातो. नीट न बसणारा, टोचणारा बोळा तर माणूस पुन्हा पुन्हा काढतोच.

मोजणी म्हणजे काय

ज्याला फिट टेस्ट म्हणतात, ती गोष्ट गूढ नाही. शांत खोलीत कामगाराला बोळ्याशिवाय मंद स्वर ऐकवायचे आणि तो कोणत्या पातळीवर ऐकू लागतो ते टिपायचे. मग त्याने स्वतःच्या हाताने, रोज घालतो तसा, बोळा घालायचा आणि तेच स्वर मोठ्या वाट्यांच्या श्रवणयंत्रातून पुन्हा ऐकायचे. दोन पातळ्यांमधील फरक म्हणजे त्या कानाचे खरे संरक्षण. दुसऱ्या एका पद्धतीत बोळ्याच्या आत व बाहेर अतिसूक्ष्म मायक्रोफोन ठेवून हाच फरक यंत्राने मोजतात. सारे काम काही मिनिटांचे आहे. आकडा कमी आला तर बोळा पुन्हा घालायला शिकवायचे, माप बदलायचे, प्रकार बदलायचे आणि पुन्हा मोजायचे.

या मोजणीचा दुसराही एक उपयोग आहे. संरक्षण कमी पडते तसे ते जास्तही होते. कानात पोचणारा आवाज ७० डेसिबलच्या खाली दाबला गेला, तर मागून येणारा वॅगन, क्रेनची घंटा, सोबत्याची हाक, काहीच कळत नाही. रुळांच्या जाळ्यात काम करणाऱ्या माणसाला हा प्रश्न जीवनमरणाचा आहे. सर्वांना सर्वांत मोठ्या आकड्याचा बोळा वाटून टाकणे हे म्हणूनच सुरक्षिततेचे लक्षण नव्हे. ज्याला जेवढे हवे, त्याला तेवढे संरक्षण हे मोजल्यावाचून ठरत नाही.

अशा मोजयंत्रांसाठी अमेरिकेत २०१८ साली मानक तयार झाले. २०२५ साली नायॉशने स्पष्ट शिफारस केली की प्रत्येक कामगाराच्या कर्णरक्षकाची वैयक्तिक, आकड्यांत मांडता येईल अशी फिट टेस्ट व्हावी. त्याच वर्षी १ एप्रिलला त्याच संस्थेच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांना तेथील सरकारने नोकरकपातीच्या नोटिसा दिल्या. पुढे गदारोळ झाल्यावर अनेकांना परत बोलवावे लागले. भांडवलशाही राज्ययंत्रणेचे चरित्र यातून उघड होते. तिच्या प्रयोगशाळा कामगाराच्या उपयोगाचे ज्ञान निर्माण करू शकतात, पण ते ज्ञान खर्चाची मागणी करू लागले की प्रयोगशाळेच्याच दाराला कुलूप लावण्याची भाषा सुरू होते. ज्ञान तेथे जन्मले म्हणून ते नाकारण्याचे कारण नाही. ते कोणाच्या हाती राहणार, एवढाच प्रश्न आहे.

जुने ज्ञान, जुनाच नकार

आवाजाने कान जातात हे काल कळलेले नाही. इटालियन वैद्य रामात्सिनी यांनी १७१३ सालच्या आपल्या ग्रंथात व्हेनिसच्या तांबटांच्या बहिरेपणाची नोंद केली. १८८६ साली ग्लासगोचे कानाचे डॉक्टर टॉमस बार यांनी शंभर बॉयलरमेकर तपासले. त्यांत पूर्ण निकोप कानांचा एकही आढळला नाही. तुलनेसाठी त्यांनी लोखंड ओतणारे कामगार आणि पत्रे वाटणारे टपालवाले तपासले होते, म्हणून दोष वयाचा की धंद्याचा, ही शंकाही राहिली नाही. झाशीचा रेल्वे कारखाना १८९५ साली उभा राहिला. म्हणजे येथे पहिला रिवेट ठोकला गेला तेव्हा हे ज्ञान नऊ वर्षांचे जुने होते, आणि ते याच ब्रिटिश भांडवलाच्या मायदेशात छापलेले होते. यंत्रे बोटीतून आली; ज्ञान मात्र तिकडेच राहिले. मार्क्सने १८६७ साली 'भांडवल'च्या पहिल्या खंडात यंत्रविषयक प्रकरणात उष्णता आणि धूळ यांच्या जोडीला यंत्राचा गोंगाटही मोजला होता, आणि मालकाची काटकसर ही कामगाराच्या जागेची, उजेडाची, हवेची व संरक्षणाच्या साधनांची लूट कशी असते हे दाखविले होते. त्याला येथे केवळ एक पुरवणी जोडावी लागेल. आजची काटकसर साधन न देण्यात नसते. ती साधन देऊन ते न मोजण्यात असते.

शरीराचा भाग थोडक्यात सांगता येईल. आतल्या कानात सुमारे पंधरा-सोळा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. प्रचंड आवाजाने त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रथम मरतात त्या उंच स्वर टिपणाऱ्या, चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या. त्यामुळे माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. स्वर पोचतात आणि स, श, च, त, ट यांसारखी व्यंजने गळून पडतात. 'पाच' म्हटले की 'पाट', 'सात' म्हटले की 'साठ', हे त्याला सारखेच. बायको म्हणते, हवे ते बरोबर ऐकू येते आणि नको ते नाही. या गैरसमजात घरेच्या घरे वर्षानुवर्षे भांडत राहतात. गेलेले कान औषधाने परत येत नाहीत, म्हणून येथे उपचाराची भाषा फसवी आहे. जे करायचे ते आधीच करायला हवे. जागतिक अभ्यासकांनी २००५ साली असा अंदाज मांडला की प्रौढांमधील गंभीर बहिरेपणापैकी सुमारे १६ टक्के बहिरेपणाचे कारण कामाच्या जागेचा आवाज हे आहे.

दोन आक्षेप

या मागणीवर आपल्याच साथींकडून दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीरपणे घ्यायला हवेत.

पहिला आक्षेप असा की बोळ्यांची चर्चा करणे म्हणजे मालकाच्या मैदानावर खेळणे होय. यंत्र शांत करा, आवाज करणारे काम बंदिस्त खोलीत न्या, झिजलेले बेअरिंग बदला, रिवेटच्या जागी वेल्डिंग आणा. कामगाराच्या कानात कशाला काही कोंबता? तत्त्व म्हणून हा आक्षेप पूर्णतः बरोबर आहे. आवाज उगमाशीच मारणे हा पहिला उपाय, त्याच्या वाटेत आडोसा घालणे हा दुसरा, आणि कानात बोळा हा शेवटचा. परंतु फिट टेस्ट या क्रमाला छेद देते काय? उलट, ती या क्रमासाठी लढण्याचे हत्यार पुरवते. जोवर पाकिटावरचे २९ खरे मानले जातात, तोवर व्यवस्थापन म्हणू शकते की यंत्रावर खर्च करण्याची गरजच नाही. ज्या दिवशी एका विभागातील चाळीस कामगारांचे चाळीस आकडे भिंतीवर लागतील आणि त्यांतील निम्मे दहाच्या खाली असतील, त्या दिवशी बोळ्याची आड संपेल आणि यंत्राचा प्रश्न टेबलावर येईल. न मोजलेले संरक्षण मालकाची ढाल बनते. मोजलेले संरक्षण त्याच्याविरुद्ध पुरावा बनते. यंत्र बदलेपर्यंत कामगाराला रोज पाळीवर जावेच लागते, हेही विसरता येत नाही. तत्त्वाची वाट पाहत त्याने कान गमवावे, असे क्रांतिकारी पक्ष म्हणू शकत नाही.

दुसरा आक्षेप असा की वेतन, कंत्राटीकरण, खाजगीकरण, श्रमसंहिता असे डोंगराएवढे प्रश्न उभे असताना कानाचा प्रश्न लहान आहे. या आक्षेपाला डॉक्टर बार यांच्याच पाहणीतून उत्तर मिळते. त्यांनी बॉयलरमेकरांना विचारले होते की सार्वजनिक सभेत तुम्हांला भाषण ऐकू येते काय. जवळजवळ तीन-चतुर्थांश लोकांना ते नीट ऐकू येत नव्हते. या आकड्यावर प्रत्येक शाखेने विचार करावा. ज्याला सभेत ऐकू येत नाही तो सभेला येणे सोडतो. ज्याला प्रश्न नीट कळत नाही तो हशा होईल या भीतीने हात वर करीत नाही. ज्याला सोबत्याची कुजबूज कळत नाही त्याच्याभोवती हळूहळू एकांताची भिंत उभी राहते. संघटना म्हणजे बोलणे आणि ऐकणे. कामगाराचे कान हे संघटनेचे पहिले साधन होय, आणि ते साधन कारखाना रोज आठ तास बोथट करीत असतो. हा प्रश्न लहान असेल, तर मोठा कोणता?

संहितेची तरतूद आणि तिची पळवाट

१९४८च्या कारखाना कायद्याखालील आदर्श नियमांनी आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली; आवाज पाच डेसिबलने वाढला की वेळ निम्मा, आणि ११५ डेसिबलवर पाव तास. युरोपीय संघाच्या २००३च्या निर्देशाने ८० वर पहिली आणि ८५ वर दुसरी कृतिरेषा आखली, आणि कर्णरक्षक घातल्यावरही कानात ८७पेक्षा अधिक पोचता कामा नये असे ठरविले. १९८०च्या दशकातील सोव्हिएत राज्य मानकाने कायम कामाच्या जागेसाठी ८० डेसिबलची मर्यादा घातली होती. आवाज व कंपन यांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७७ सालचा १४८वा करार भारताने मान्य केलेला नाही. आवाजाने येणारा बहिरेपणा हा आपल्या कायद्यात कळवण्यास बंधनकारक असा रोग आहे आणि नुकसानभरपाईच्या यादीतही तो आहे. परंतु भरपाई मागताना पुरावा कामगाराने द्यायचा असतो, आणि नोकरीला लागताना कानांची चाचणी झालेलीच नसेल तर पुरावा आणायचा कोठून?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाना कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. कामगार संघटनांनी ज्या संहितांविरुद्ध ९ जुलै २०२५ रोजी देशव्यापी संप केला, त्यांपैकीच ही एक. जुन्या कायद्यात विजेवर चालणारा कारखाना दहा कामगारांवर कारखाना ठरत होता. आता ती संख्या वीस झाली आहे. विजेविना चालणाऱ्यासाठी ती वीसवरून चाळीसवर गेली. सुरक्षा समितीची सक्ती सरकारी आदेशावर सोपविली आहे. आणि एका कलमाकडे विशेष लक्ष द्यायला हवे. सुरक्षेविषयीचे कर्तव्य मोडणाऱ्या कामगाराला जुन्या कायद्यात पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. संहितेत तो दहा हजार रुपयांपर्यंत होऊ शकतो. म्हणजे टोचणारा, न बसणारा बोळा काढून ठेवणारा कामगार कायद्याने गुन्हेगार ठरू शकतो. मग तो बोळा त्याच्या कानात बसतो की नाही हे तपासण्याची जबाबदारी मालकावर टाकणारी तरतूद कोठे आहे? दंड आकड्यांत लिहिला गेला. संरक्षण मात्र शब्दांतच राहिले.

कामाच्या तासांचा प्रश्नही येथे येऊन मिळतो. सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. आवाजाची प्रत्येक मर्यादा आठ तासांवर बांधलेली आहे. दिवस बारा तासांचा झाला, तर भारतीय नियमाचे ९० उतरून ८७ व्हायला हवे, आणि ज्यांनी ८५ ही मर्यादा व तीन डेसिबलचे सूत्र धरले आहे त्यांच्या हिशेबाने ते ८३च्या जवळ यायला हवे. तास वाढविणाऱ्यांनी डेसिबल उतरविल्याचे कोणी ऐकले आहे काय? ८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या रेल्वे संपात आठ तासांच्या दिवसाची मागणी होती. ती मागणी विश्रांतीची होती, तशीच ती कानांचीही होती.

कायम, कंत्राटी आणि मागावरचे

मोठ्या सार्वजनिक कारखान्यात निदान वैद्यकीय खोली असते, सुरक्षा अधिकारी असतो, संघटना असते. पण त्याच छताखाली ठेकेदाराचा माणूस ग्राइंडर चालवतो, आणि सहा महिन्यांनी तो दुसऱ्याच ठेकेदाराच्या नावावर असतो. त्याचे कान कोणाच्या वहीत नोंदवायचे? कान तर तेच असतात. म्हणून चाचणीचा कागद कामगाराच्या मालकीचा हवा. तो ठेकेदाराबरोबर नव्हे, कामगाराबरोबर फिरला पाहिजे.

झाशी जिल्ह्यातच राणीपूर-मऊरानीपूरच्या बाजूला यंत्रमागांचे काम आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९५ डेसिबलच्या वर सहज जातो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागवाल्याला हे सांगण्याची गरज नाही. तेथे पाळी बारा तासांची, शेडमधील माणसे मोजकी, आणि संहितेची वीसची अट त्या शेडला कायद्याच्या बाहेर ठेवण्यास पुरेशी. राणीपूरचा मागवाला आणि इचलकरंजीचा मागवाला एकमेकांची भाषा बोलत नाहीत, पण दोघेही हातांच्या खुणांनी एकसारखेच बोलतात, कारण मागाशेजारी तोंडाने बोलणे शक्यच नसते. अशा ठिकाणी फिट टेस्टची मागणी एकेका मालकाकडे करून भागणार नाही. ती जिल्हा रुग्णालयाकडे, वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागाकडे, कामगार खात्याकडे करावी लागेल.

शाखांपुढील काम

पहिले काम मोजमापावाचूनही सुरू होते. हातभर अंतरावरच्या सोबत्याशी ओरडून बोलावे लागत असेल तर तेथे ८५ डेसिबलच्या वर आवाज आहे असे समजावे. बोळा नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो. बोळे घातल्यावर दोन्ही तळहात कानांवर दाबून धरले आणि गोंगाट आणखी स्पष्टपणे कमी झाला, तर बोळे बसलेले नाहीत. समोरून पाहणाऱ्याला बोळ्याचे टोक बाहेर आलेले दिसत असेल, तर तीही तीच खूण. एवढ्या चार गोष्टी दरवाजासभेत पाच मिनिटांत शिकविता येतात.

दुसरे काम मागणीपत्रात नेमके कलम घालण्याचे आहे. आवाजाच्या विभागातील प्रत्येक कामगाराची, कायम असो वा कंत्राटी, नेमणुकीच्या वेळी आणि दरवर्षी श्रवणचाचणी. कर्णरक्षक देताना आणि त्यानंतर दरवर्षी वैयक्तिक फिट टेस्ट. निदान तीन प्रकारच्या व मापांच्या कर्णरक्षकांतून निवडीचा हक्क. चाचणीचा वेळ पगारी. निकालाची प्रत कामगाराच्या हाती आणि विभागाचे एकत्रित आकडे नावांवाचून सूचनाफलकावर. ज्याचा आकडा कमी येईल त्याला शिक्षा, बदली किंवा वेतनकपात होणार नाही, हे लेखी हवे. नाहीतर चाचणीच कामगार गाळण्याची चाळणी बनेल. आणि ज्या विभागात उत्तम बसलेला बोळाही पुरत नाही, तेथे यंत्र शांत करण्याची तारीख ठरली पाहिजे.

तिसरे काम समितीचे. जेथे सुरक्षा समिती आहे तेथे कामगार प्रतिनिधींची संख्या मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नये, असे संहितेतही म्हटले आहे. त्या जागा नावापुरत्या भरून भागणार नाही. आवाज मोजण्याचे यंत्र कसे वाचायचे आणि श्रवणचाचणीचा आलेख कसा वाचायचा, हे प्रत्येक कारखान्यातील निदान दोन साथींनी शिकून घेतले पाहिजे. झाशीत १९६८ सालापासून महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईत सायन येथे केंद्रीय कामगार संस्था आणि वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. या संस्था जनतेच्या पैशावर उभ्या आहेत. त्यांच्या दाराशी संघटनेने निवेदन घेऊन जाणे ही विनंती नव्हे, तो हक्क आहे.

आजवर व्यवस्थापनाने या प्रश्नावर कानावर हात ठेवले आणि सरकारने कानाडोळा केला. त्यांच्या कानांना काही झाले नाही, कारण त्यांच्या खोल्यांना दारे होती. ज्यांच्या कामाला दार नाही त्यांच्यासाठी पाकिटावरचा आकडा पुरेसा नाही. रजिस्टरातील सही एवढेच सिद्ध करते की बोळा दिला गेला. तो कानात पोचला की नाही हे मोजणीच सांगेल, आणि ती मोजणी मालकाकडून मिळवणे हे आता संघटनेचे काम आहे.